घरचा ज

सभा बाबांनीच बोलावली होती. बोलावली म्हणजे काय केलं, तर रविवारी दुपारी शिलाईच्या टेबलावरचे फर्मे, म्हणजे बांधायच्या पुस्तकांचे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, उचलून खिडकीत रचले, टेबल ओल्या फडक्याने पुसलं आणि मधोमध हाडाची पट्टी ठेवली. कागदाला घडी घालायची ती पट्टी, वापरून वापरून पिवळी आणि साबणासारखी गुळगुळीत झालेली. ती टेबलाच्या मधोमध दिसली की या घरात कोणी काही विचारत नाही, सगळे हात धुऊन येऊन बसतात. सभेत पट्टी ज्याच्या हातात, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, आणि ऐकताना तोंड वाकडं करायचं नाही.

हे नियम बाबांनी कुठून आणले, असं विचाराल तर बांधणीला आलेल्या पुस्तकांतून. बाबांचं सगळं शिक्षणच तिथलं. शाळेच्या फाटकापर्यंत ते गेले ते मुलांना पोचवायला. अक्षरओळख झाली पोरवयात, दुसऱ्याच्या दुकानात खळ ढवळता ढवळता, पुस्तकांच्या पाठीवरची नावं जुळवून. आणि एकदा अक्षरं जुळली म्हटल्यावर जी भूक लागली, ती काही केल्या भागेना. राजांच्या वंशावळी, तहांची कलमं, राज्यघटनांवरची भाष्यं, गावोगाव शाळा काढणाऱ्यांचे अहवाल, जे दारात येईल ते बाबा आधी वाचत आणि मग शिवत. पण पुस्तक गिऱ्हाइकाचं. गिऱ्हाईक पायरी चढलं की वाचन संपलं. त्यामुळे बाबांच्या इतिहासाला मोठमोठी भोकं होती. साम्राज्यं उभी राहत आणि बुडायच्या आत गिऱ्हाईक घेऊन जाई. एका राणीला तर बाबांनी तुरुंगातच सोडलं होतं. ते पुस्तक एका वकिलाचं होतं आणि वकिलाला घाई होती.

"काय झालं असेल हो तिचं?" संध्याकाळी शिलाईला बसलं की आई अजून विचारत असे. बाबा वाचून दाखवायचे, आई दोरा ओवायची, असा त्यांचा संसार.

"सुटली असेल," बाबा म्हणायचे.

"असेल म्हणजे?"

तिघा मुलांतल्या मधलीने इतिहासाची प्राध्यापक झाल्यावर ती राणी शोधायचा प्रयत्न केला होता. पण बाबांना राणीचं नाव माहीत नव्हतं. नाव पहिल्या फर्म्यात होतं, आणि तो फर्मा बाबांच्या हातात येण्याआधी आईने शिवून वजनाखाली दाबून टाकला होता. "राण्या पुष्कळ तुरुंगात गेल्यात, बाबा," असं मधली म्हणाली, तेव्हा बाबा इतके हिरमुसले, की तिला वाटलं आपण एका माणसाची शिक्षा कायम केली.

तर आज सभेपुढे विषय होता तो खुद्द बाबांचा. संध्याकाळच्या कॉलेजात या वर्षी मोठ्या वयाच्या माणसांसाठी काही जागा ठेवल्या होत्या. इतिहास, राज्यव्यवस्था आणि शिक्षणाचा विचार असा एकत्र अभ्यासक्रम, आणि शिकवायला मधली. बाबांनी कोणाला न सांगता अर्ज केला. अर्ज मंजूरही झाला. मग प्राचार्यांनी मधलीला बोलावून विचारलं, "वर्गात तुमचे वडील बसलेले तुम्हाला चालेल ना? सोमवारी सांगा." सोमवार उद्यावर आला होता आणि मधलीने अजून हो म्हटलं नव्हतं.

"सभा नाही म्हणाली तर मी जाणार नाही," बाबांनी सुरुवातीलाच सांगितलं. हे नुसतं बोलणं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्याने शाळा सोडायची म्हटली, तेव्हा बाबा सभेत एकटे पडले होते. हरले, आणि हरल्याचं पाळलं. दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या हातात स्वतः सुई दिली. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मधली अजून विसरली नव्हती.

"ज्याच्याविषयी ठराव, त्याने बाहेर बसायचं," बाबा उठत म्हणाले. "मी पुढे दुकानात कापायला बसतो. यंत्र चालू ठेवतो, म्हणजे मला ऐकू येणार नाही. शेवटचा शब्द मात्र माझा. मत त्यानंतर."

"तो नियम तुम्हीच काढलाय," आई म्हणाली.

"म्हणून तर पाळतोय."

लाकडी पडद्याच्या पलीकडे कापायचं यंत्र घरघरू लागलं. थोरल्याने पट्टी उचलली. थोरला पालिकेच्या कचेरीत तक्रारी ऐकून घ्यायच्या खिडकीवर बसतो. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घेतो, म्हणून घरी आला की कोणाचं ऐकत नाही, असं त्याच्या बायकोचं म्हणणं.

"माझे मुद्दे साधे आहेत," तो म्हणाला. "वर्ग वरच्या मजल्यावर. जिना अंधारा. बाबांची नजर अधू झालीय. येताना रस्ता ओलांडायचा. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"झाली कचेरी सुरू," वहिनी पुटपुटली.

"पट्टी माझ्याकडे आहे."

"मग लवकर संपव, दादा," धाकटा म्हणाला, आणि त्याने पट्टी जवळजवळ हिसकावूनच घेतली. "मी सोडीन, मी आणीन. त्यात काय? संध्याकाळी दुकान मी बघतोच आहे."

"तू बघतोस म्हणून तर काळजी. बाबा पुस्तकं बांधायचे, तू स्प्रिंगा लावतोस."

"गिऱ्हाइकाला स्प्रिंग हवी असते, दादा. तुमच्या कचेरीतूनच येतं ते गिऱ्हाईक."

आईने टेबलावर बोटं आपटली, आणि दोघे गप्प बसले. मग आईने पट्टी मागून घेतली. नुसती उलटसुलट करत राहिली.

"जिना, रस्ता, नजर," वहिनी म्हणाली. "कोणीतरी खरं कारण बोलणार आहे का? की यंत्र बंद पडायची वाट बघायची?"

खरं कारण एक अक्षर होतं.

पुस्तकातून एकट्याने शिकलेल्या माणसाचं असं होतं, की शब्द डोळ्यांतून आत येतो. कानाला त्याची गाठ पडत नाही. लिहिताना ज एकच, पण बोलताना दोन. एक जमिनीतला, दुसरा जगातला. कुठे कुठला घ्यायचा, हे कागद सांगत नाही, ते कोणाच्या तरी तोंडून ऐकावं लागतं. बाबांनी पोरवयात, खळीच्या भांड्याशी बसून, 'जनता' हा शब्द पहिल्यांदा वाचला आणि तो जमिनीतल्या ज ने वाचला. तो तसाच त्यांच्या तोंडात बसला. आता तुम्ही म्हणाल, पुढे रेडिओ ऐकला असेल, भाषणं ऐकली असतील. ऐकली ना. बाबा मान डोलावत ऐकायचे. पण कान मोठा लबाड, त्याला जे सवयीचं तेच तो ऐकतो.

आणि शब्द तरी कुठला, तर बाबांचा लाडका. घरातल्या पोरांना ते जनताच म्हणायचे. संध्याकाळी काम आटोपलं की पडद्याच्या दारात उभे राहून हाक द्यायचे, "जनता, जेवायला चला." आणि जनता धावत यायची.

मग थोरला शाळेत गेला. गुरुजींनी विचारलं, राज्य कोणाचं? थोरल्याला उत्तर येत होतं. तो ताठ उभा राहिला आणि घरच्या ज ने म्हणाला, "जनतेचं." वर्ग हसला. गुरुजींनी पुन्हा म्हणायला लावलं, वर्ग पुन्हा हसला. थोरला घरी आला तो सरळ स्वयंपाकघरात, आईच्या पदरात तोंड खुपसून रडला. आईने सगळं ऐकून घेतलं, त्याचे डोळे पुसले आणि दाराकडे बघून हळूच सांगितलं, "बाहेर बाहेरचा म्हण. घरात ह्यांचा म्हण. ह्यांना सांगायचं नाही." तेव्हापासून या घराला दोन ज झाले, एक घरचा, एक दारचा. मधली वर्गात वर्षानुवर्षं जगातल्या ज ने शिकवत आली, पण पायरी चढली की तिची जीभ आपोआप वळायची. थोरल्याने तर धसकाच घेतला. कचेरीत तो तो शब्द उच्चारतच नाही, 'नागरिक' म्हणतो.

"मी या घरात आले," वहिनी म्हणाली, "तर दुसऱ्याच दिवशी आईंनी मला स्वयंपाकघरात एकटीला बोलावलं. मला वाटलं दागिना देतायत. दिलं काय, तर एक अक्षर."

धाकटा हसला. मग त्याचं हसू ओसरलं. "म्हणजे ताईच्या वर्गात बाबा उभे राहणार आणि..."

"पहिल्याच दिवशी उभे राहतील," मधली म्हणाली. "गप्प बसणारे का ते?"

"आणि ती पोरं हसतील."

"सगळी नाही हसणार."

"एक हसलं तरी पुरे," थोरला म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला, की कचेरीतला माणूस कुठेतरी नाहीसाच झाला. "तुला माहीत नाही. मी उभा होतो तिथे."

धाकटा पट्टीकडे बघत राहिला. "मग मी पण नाही म्हणतो. मी सोडायला जाईन आणि खाली उभा राहीन, आणि वरून हसू आलं तर मी काय करू? वर जाऊन मारामारी करू?"

अशी बाजू फिरली. मधलीने आईकडे पाहिलं. आईनेच तर हा बांध घातला होता.

"एक शब्द वाकडा राहिला या घरात," आई म्हणाली, "तर काय बिघडलं? देवाला माणूस बोबड्या तोंडाने हाक मारतो, ती पोचतेच की. तो काय उच्चार तपासतो?"

"कॉलेज म्हणजे देव नाही, आई," मधली म्हणाली.

"म्हणून तर ह्यांना म्हणते, जाऊ नका. इथे बसा, मला वाचून दाखवा. माझं कुठे अडलंय?" हे बोलताना आईचा हात नकळत टेबलाच्या कडेवर गेला, जिथे संध्याकाळी तिची सुई टोचून ठेवलेली असते. मधलीला एकदम कळलं, की आई अक्षराची राखण करतच होती, पण आज तिला भीती अक्षराची नव्हती. संध्याकाळी समोरची खुर्ची रिकामी राहणार होती.

"आई, तुझं नाही म्हणणं त्यांच्यासाठी आहे की तुझ्यासाठी?"

"तू प्राध्यापक आहेस. तूच ठरव," आई म्हणाली, आणि पट्टी टेबलावर ठेवून दिली.

पलीकडे यंत्र थांबलं. सगळे शाळेतल्यासारखे ताठ बसले. बाबा पडद्याच्या दारातून आत आले. बाहीवर कागदाच्या कातरणांचे बारीक तुकडे अडकले होते.

"झालं?"

"झालं," थोरला म्हणाला. "तुमचा शेवटचा शब्द."

बाबा बसले. पट्टी हातात घेतली, अंगठ्याने तिची कड चाचपली. त्यांनी मोठं भाषण तयार केलं असणार, मधलीला वाटलं. राज्यघटनेची कलमं, कुठल्या कुठल्या सुधारकांचे दाखले. पण ते बोलले वेगळंच.

"तुम्ही जिन्याचं बोलला असाल. रस्त्याचं बोलला असाल. सगळं खरं आहे." ते थोडं थांबले. "माझ्या हातून कधी एखादा फर्मा उलटा शिवला जायचा. पुस्तक वरून चांगलं दिसतं. पाठ सरळ, पुठ्ठा घट्ट. गिऱ्हाईक घरी नेतं, वाचायला बसतं आणि मधेच पानं डोक्यावर उभी. मग ते परत घेऊन येतं. म्हणतं, हे उलटं बसलंय. मी उसवतो, सरळ करतो. राग येतो, पण पुस्तक बरोबर होतं."

आई खाली बघत होती.

"मी इतकं वाचलं. सगळं एकट्याने आत शिवलं. पण मला कोणी परत घेऊन आलं नाही. इतक्या वर्षांत एक माणूस म्हणाला नाही, की अहो, तुमच्यात हे उलटं बसलंय. असं होईल का? एक तरी फर्मा उलटा असेलच ना? मला पदवी नको. मला एकदा बाकावर बसायचंय आणि समोरून कोणीतरी म्हणायला हवंय, चूक, पुन्हा सांगा." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "लहानपणी हे ज्यांच्या वाट्याला येतं त्यांना ते नकोसं असतं. मी दुकानाच्या पायरीवरून बघायचो, शाळेतून रडत येणाऱ्या पोरांकडे. मला वाटायचं, किती भाग्याची पोरं. एवढंच. आता मत घ्या."

शेवटच्या शब्दानंतर कोणी बोलायचं नाही, असा नियम. मधलीने पट्टी उचलली.

"मधले," आई म्हणाली. नुसतं नाव घेतल्यासारखं, पण त्यात सगळं होतं.

"नियम मोडतेय, बाबा," मधली म्हणाली. तिने पट्टी दोन्ही हातांनी धरली. भरल्या वर्गापुढे तिला असा आधार कधी लागत नसे. "तुम्ही पोरांना कशी हाक मारता?"

"कशी म्हणजे? जनता."

"चूक," मधली म्हणाली. "पुन्हा सांगा."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. थोरला उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"तो ज जमिनीतला आहे, बाबा. तिथे जगातला लागतो. म्हणा, जग."

"जग."

"तोच ज. आता शब्द."

"जनता," बाबा म्हणाले, जुन्याच ज ने. त्यांच्या कपाळावर आठी आली. ओठ हलले. टाळूला जीभ लावून त्यांनी ती जागा शोधली, सुई अंधारात भोक शोधते तशी. "जग. जग. ज... जनता."

आला, जगातला ज. त्यांच्या तोंडून तो शब्द परक्या माणसाचा वाटला.

बाबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग बाबांनी विचारलं, "हे घरात कोणाकोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना," धाकटा म्हणाला.

बाबा आईकडे वळले. "तुलाही?"

"मीच सांगितलं होतं त्यांना, बोलू नका म्हणून."

"म्हणजे माझ्या पाठीमागे ठराव झाला."

"झाला."

"विरोधात कोणी?"

"कोणी नाही. एकमताने."

"आणि अध्यक्ष?"

"मी," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. "तुम्हाला लागेल म्हणून."

बाबा हसतील की रागावतील, ते मधलीला सांगता आलं नसतं. त्यांनी हात पुढे करून आईच्या हातावर ठेवला, खळीने कायमची खरखरीत झालेली बोटं, आणि तो तसाच ठेवून मधलीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर लाज असेल असं तिला वाटलं होतं. होती ती भूक. खळीच्या भांड्याशी बसलेल्या पोराची असेल, अगदी तीच.

"आणखी काय काय?" बाबांनी विचारलं.

खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या थोरल्याने तिथूनच हात वर केला. "माझं मत, जाऊ दे त्यांना," तो म्हणाला, आणि मागे वळला नाही. धाकट्याने हात वर केला. वहिनीने केला. मधलीच्या हातात पट्टी होती, तिने पट्टीसकट केला.

"तुझं?" बाबांनी आईला विचारलं.

"मी तटस्थ," आई म्हणाली. हा शब्द बाबांनीच तिला शिकवला होता, कुठल्याशा तहातून आणून. "पण जाणारच असाल, तर त्या राणीचं काय झालं ते विचारून या. नाव नसलं तरी विचारा. शिकवणारे असतात कशाला?" एवढं बोलून ती मधलीकडे न बघता आत स्वयंपाकघरात गेली.

सभा मोडली. उन्हं कलली होती. थोरला दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. वहिनी त्याच्या शेजारी बसली. धाकटा यंत्राखालची कातरणं गोळा करू लागला. मधली खिडकीतले फर्मे उचलून आणून टेबलाशी बसून परत लावत होती. आतून भांड्यांचे आवाज येत होते, आणि मधूनच बाबांचा आवाज, हळू, स्वतःशीच. जग, जनता. जग, जनता. मधलीचे हात थांबले. लहानपणी पायरीपासून पडद्याच्या दारापर्यंत ती किती धावली होती, एका चुकीच्या अक्षरामागे. आज तिनेच ते उसवलं, आणि बरोबर केलं, आणि आता ते बरोबर झाल्याचं ऐकवत नव्हतं.

दिवा लागला. बाबा पडद्याच्या दारात येऊन उभे राहिले, रोज उभे राहायचे तसेच, एक हात चौकटीवर.

"जनता," त्यांनी हाक मारली, "जेवायला चला."

स्वच्छ, जगातला ज. कुठेही अडखळ नाही.

कोणी उठलं नाही. थोरला पायरीवर तसाच बसून राहिला. धाकट्याने वर पाहिलं आणि पुन्हा कातरणं वेचू लागला. हट्ट कोणाचाच नव्हता. हाक कोणाला तरी होती, बाहेरच्या कोणाला तरी, आणि आपल्याला घरच्या ज ने हाक येईल म्हणून ते सगळे थांबले होते.

बाबांनी मधलीकडे पाहिलं. बाकावरून विद्यार्थी बघतो तसं.

"बरोबर?"

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली. आणि कोणीतरी आधी उठायला हवं होतं, म्हणून ती उठली.